आयसीटीसीतल्या (सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही सल्ला आणि तपासणी केंद्रातल्या) ताईंना

ताई, नमस्कार.

तुमच्याकडे रोज इतक्या जणी येतात, मी काही आठवणार नाही. "गाडीवर बसलेत त्यांनाही आत बोलव, इथं पंखा आहे," असं तुम्ही जिला म्हणालात, ती मी. एप्रिल होता. मला चौथा महिना, वय एकोणीस. वाटलं, खरंच उन्हाची काळजी करताय.

बोटाला टोचून केलेली माझी एचआयव्हीची चाचणी निगेटिव्ह आली होती. हे म्हणाले, "हिचं निगेटिव्ह, मग माझंही निगेटिव्हच की." मलाही तसंच वाटत होतं. तुम्ही हसला नाहीत की रागावला नाहीत. "हा रिपोर्ट तिचा. तुमचा वेगळा काढावा लागतो," एवढंच बोललात. ह्यांचं रक्त तीन वेगवेगळ्या किटवर तपासलं. तिन्हींवर पॉझिटिव्ह.

शाळेत 'एचआयव्ही कसा पसरतो, चार कारणे लिहा' मला तोंडपाठ होतं, पैकीच्या पैकी मार्क. त्या चार कारणांत नवरा हा शब्द नव्हता.

आधी दार लावून तुम्ही एकट्या ह्यांच्याशी बोललात. मग मला आत घेतलं, आणि ह्यांनी स्वतःच सांगितलं, फरशीकडे बघत. माझ्या हातात पाण्याचा स्टीलचा पेला होता, तो कधी रिकामा झाला कळलं नाही. सासूबाई दारात येऊन "काय निघालं?" विचारू लागल्या, तर तुम्ही म्हणालात, "2017 चा कायदा आहे मावशी, रिपोर्ट ज्याचा त्यालाच." त्या अजून तुमच्यावर फुगून आहेत.

नवी लागण लगेच दिसत नाही म्हणून तीन महिन्यांनी परत या, बाळंतपणाआधी परत या, अशा तारखा तुम्ही कार्डामागे लाल पेनानं लिहून दिल्या. निरोधची पाकिटं जुन्या पेपरात गुंडाळून दिलीत, ते फार बरं केलंत. दोन्ही वेळा मी निगेटिव्ह. पोरगी आता दीड वर्षाची आहे, पायात पैंजण घालून घरभर धावते. ह्यांची गोळी रात्री नऊला, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, आता तपासणीत सापडतही नाही.

धाकटी बहीण बारावीत आहे. अठरा पूर्ण व्हायच्या आतच स्थळं यायला लागलीत. मुलाची चाचणी मागूया म्हटलं, तर बाबा उठून बाहेर गेले. बुधवारी आईला तुमच्याकडे घेऊन येते. ती ऐकेल असं वाटतं, पण दार लावून बोला.

तुमची,
एप्रिलमधली ती