शेवटच्या बाकावरून

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, घसा का बसलाय म्हणून तू फोनवर विचारलंस आणि मी विषय बदलला. आज सविस्तर लिहिते.

यंदा मिळालेली वर्गखोली रस्त्याला लागून आहे. गुळगुळीत फरशी, मोकळ्या भिंती. बोललेलं सगळं घुमतं. मी आवाज चढवते, मुलं माझ्याहून चढवतात.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा ‘लक्ष देत नाही’ म्हणून माझ्याकडे आलाय. परवा मी त्याच्या जागेवर बसले आणि दुसऱ्या बाईंना फळ्यापाशी शिकवायला सांगितलं. ‘बाग’ म्हणाल्या की ‘भाग’, कळेना. मी मोठी, अंदाजाने वाक्य जुळवते. नऊ वर्षांच्या पोराने काय करायचं? त्याला मी दोनदा सगळ्यांसमोर बोलले होते. ते अजून मनातून जात नाही.

न्यूयॉर्कमधल्या एका शाळेलगत उंचावरून रेल्वे जायची. रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात मागे पडतात, हे मानसशास्त्रज्ञ अर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी 1975 मध्ये दाखवून दिलं. पुढे रुळांखाली रबर आणि वर्गांत आवाज शोषणारं छत बसवलं, तसा तो फरक मिटला. मुलं तशीच होती हो! जागतिक आरोग्य संघटना म्हणते, तास चालू असताना मागचा आवाज 35 डेसिबलच्या वर नको. आमचा रस्ता ते कुठून ऐकणार?

खिडक्या लावल्या तर हवा कोंडते. चाळीस जणांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, दुपारी मुलं पेंगतात, कुणाचं डोकं दुखतं. म्हणून शिकवताना रस्त्याकडची खिडकी बंद आणि दोन तासांच्या मध्ये सगळी दारं-खिडक्या सताड उघडी. मागच्या भिंतीला जाड कापडाचा फलक लावला, बाकांच्या पायांना रबरी टोप्या बसवल्या. तो मुलगा आता पुढे बसतो. काल त्याने आपणहून हात वर केला.

बाबा, दहावीत माझं डोकं दुखायचं, तेव्हा अभ्यास टाळते असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. टेबल अंधाऱ्या कोपऱ्यातून खिडकीशी ओढलंत, वहीवर हाताची सावली पडू नये म्हणून उजेड डावीकडून घेतलात. आता तुमची वाचायची खुर्ची त्याच कोपऱ्यात आहे. ती खिडकीशी घ्या. आई, तू एकटी ओढू नकोस, मी रविवारी येतेच आहे.

तुमची,
ताई