वाळीत टाकण्याचा अधिकार कुणाचा?

धर्म आणि राज्य वेगळे ठेवायचे म्हणजे कायद्याने धर्माच्या दारात पाऊलच टाकायचे नाही, हे मला पटत नाही. मुंबई राज्याने १९४९ साली समाजातून बहिष्कृत करण्यावर बंदी आणली. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवरून सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा १९६२ मध्ये रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र तेव्हाही वेगळे मत नोंदवले होते. नमाज किंवा पूजा कशी करावी, हे सरकारने सांगूच नये. पण ज्याला वाळीत टाकले, त्याला दफनभूमीत जागा नाकारली जाते, सोयरीक तुटते. तो माणूस आधी नागरिक नाही का? जातपंचायतींविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये कायदा केलाच. १९६२च्या निकालाचा फेरविचार २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवला गेला. राज्य सरकारने तिथे बहिष्कृतांच्या बाजूने ठामपणे उभे राहावे.

– एक वाचक, पुणे