सर्व्हेअर काका, त्या दोन लेन बंद करायला लावल्याबद्दल मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. तुमचं नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय म्हणून लिहीत नाही, पण हे सगळ्यांसमोर म्हटल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या जिल्हा स्विमिंग स्पर्धेला पहिल्यांदाच टचपॅड (पोहणाऱ्याचा हात लागला की टाइम आपोआप नोंदवणारी भिंतीवरची पाटी) लावायचे होते, आणि आम्ही पालक मंडळी काय धरून बसलो होतो तर पूल ५० मीटरचा आहे, बाहेर बोर्डावर तसं लिहिलंय, विषय संपला. पॅड प्रत्येकी १ सेंटीमीटर जाड असतो, दोन्ही भिंतींना लावला की २ सेंटीमीटर गेले, आणि नियमाप्रमाणे एका पॅडपासून दुसऱ्या पॅडपर्यंत पूर्ण ५० मीटर भरायला हवेत, १ सेंटीमीटर जास्त चालेल पण कमी एक मिलिमीटरही नाही, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत (नाव घेत नाही) याच कारणाने मुलांचे सगळे टाइम रद्द झाले होते, त्यात माझा मुलगा पण होता, घरी येऊन दोन दिवस धड जेवला नव्हता. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी किरकोळ नाहीये.

तुम्ही पहाटे साडेपाचला टोटल स्टेशन (किरण सोडून अंतर मोजणारं सर्व्हेचं यंत्र) घेऊन हजर. मी विचारलं इतक्या लवकर का, तर म्हणालात स्टीलच्या टेपनेही चेक करायचंय आणि ती २० डिग्रीला बरोबर असते, दुपारी उन्हात ३५ डिग्रीला ५० मीटरची टेप जवळपास ९ मिलिमीटर लांबते, मग पूल आहे त्यापेक्षा कमी भरतो. आधी कापडी टेप ताणून 'भरला ५०' म्हणणारे आम्ही, काय बोलणार!

मी भिंतीला प्रिझम (यंत्राचा किरण परत पाठवणारी काच) धरून उभी, तुम्ही पलीकडून एकेक लेनचं रीडिंग फील्डबुकात लिहिताय. वरून आठही लेन मस्त, पॅड न लावता ५०.०२१ ते ५०.०२७ मीटर. मी खूश, चहा सांगायला निघाले, तर तुम्ही पिशवीतून ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) काढलात. पाण्याच्या वर ३० सेंटीमीटरपासून खाली ८० सेंटीमीटरपर्यंत सगळीकडे माप भरायला पाहिजे म्हणालात. मग माझा मुलगा गॉगल लावून पाण्यात, दोरी आणि टाइल यांच्यातलं अंतर स्टीलच्या पट्टीवर वाचायचा आणि वर येऊन ओरडून सांगायचा, प्रत्येक आकडा तुम्ही त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलात. आणि तिथेच सापडलं, १ आणि ८ नंबरच्या लेनमधे अर्धा-पाऊण मीटर खाली टाइल्स आत फुगलेल्या. पॅडची जाडी वजा करून १ नंबर ४९.९९४ आणि ८ नंबर ४९.९९६.

मी तुमच्याशी वाद घातला काका. सहा मिलिमीटरसाठी दोन लेन बंद म्हणजे हीट्स (प्रत्येक शर्यतीच्या फेऱ्या) वाढणार, संध्याकाळ होणार, पालक आम्हाला फाडून खाणार. तुम्ही आवाज चढवला नाहीत, खिशातली पेन्सिल काढून दाखवलीत, हिच्या जाडीएवढं कमी आहे, १५०० मीटरला ३० लांब्या, म्हणजे शेवटी १८ सेंटीमीटर, जवळपास वीतभर. आणि मग म्युनिकचं सांगितलंत, १९७२ चं ऑलिंपिक, ४०० मीटर मेडले, स्वीडनचा गुन्नार लार्सन ४:३१.९८१ आणि अमेरिकेचा टिम मॅकी ४:३१.९८३, म्हणजे पाण्यात जेमतेम ३ मिलिमीटरचा फरक, आणि तेवढ्यावर गोल्ड ठरलं. सगळ्या लेन इतक्या सारख्या कोणी बांधूच शकत नाही म्हणून नंतर टाइम सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच धरायचा ठरलं, म्हणूनच २०१६ ला रिओमधे १०० मीटर बटरफ्लायला फेल्प्स, ले क्लो आणि चेह तिघांना ५१.१४ वर सिल्व्हर मिळालं. ती रेस मी टीव्हीवर बघितली होती पण त्यामागचं कारण तुमच्याकडून कळलं.

शेवटी म्हणालात, "जे भरत नाही त्याच्याखाली मी सही करणार नाही, ताई."

स्पर्धा सहा लेनमधे झाली. रात्री आठ वाजले, कुरकुर झालीच. पण लेन ४ मधल्या एका मुलीने २०० मीटर फ्रीस्टाइलला राज्य स्पर्धेचा क्वालिफाइंग टाइम ०.०३ सेकंदाने गाठला, आणि कोणीतरी पुलाच्या मापाचं विचारलं तेव्हा आम्ही तुमचा सही केलेला तक्ता समोर ठेवला, लेनवार, वरचं माप, खालचं माप. पुढे कोणी त्या टाइमवर बोट ठेवलं नाही. तिची आई माझ्या गळ्यात पडून रडली, ते खरं तुमच्या वाट्याचं होतं.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, जेवायलाही थांबला नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत त्या दोन लेनच्या टाइल्स काढून नव्याने बसवतोय, सिमेंट सुकलं की फोन करते. मुलाने पट्टी आणि गॉगल आत्ताच बॅगेत भरून ठेवलेत, खालचं माप मीच घेणार म्हणतोय.

तुमची,
प्रिझम धरणारी ताई