आजीचे नाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला दोन वर्षे उत्तर दिले नाही, याची लाज वाटते. इकडे सर्व ठीक; गुडघा दुखतो, आईला कमी ऐकू येते. पण गेल्या आठवड्यात जे पाहिले, ते तुझ्यावाचून कोणाला सांगावे हे कळेना.

आप्पांच्या पुण्यतिथीला देवरूखहून पहिली गाडी पकडून देवराईत गेलो. ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे आपण आजीच्या मागोमाग सप्तरंगीची मुळे आणायला जात असू, तिथे आता गुडघाभर खोल खड्डे आहेत. वेली मुळासकट उपटून नेल्या आहेत आणि पाने जागीच वाळली आहेत. एका खड्ड्याच्या काठाशी मुळाचा तुकडा राहिला होता. तो कोयत्याने आडवा कापला, तर आजीने पहिल्यांदा दाखवली होती तशीच एकात एक वलये दिसली. मुळे नेणारा टेम्पो कोणाचा, हे गुराख्याच्या पोराने सांगितले आणि मी मटकन खाली बसलो. माझ्या दवाखान्यातली सप्तरंगी चार वर्षे त्याच व्यापाऱ्याकडून येते आहे.

रोज सकाळी आप्पांच्या तसबिरीला हार घालून मी मधुमेहाच्या रोग्यांना ती देत आलो. आपण परंपरा राखतो आहोत, असे मला मनापासून वाटत होते. पिशवीतले मूळ कोणत्या जमिनीतून आले, हे मी एकदाही विचारले नाही.

आजी एका वेलीचे एका बाजूचे एकच मूळ घ्यायची, खड्डा बुजवून वर पाचोळा ओढायची आणि त्या वेलीला तीन पावसाळे हात लावू द्यायची नाही. आदल्या संध्याकाळी बुंध्याशी चार तांदूळ ठेवायचे. ते कशाला, असे तू विचारलेस तेव्हा ती म्हणाली होती, ‘न सांगता कुनाच्या घरात शिरतोस का रं?’ आप्पा खणताना ऋग्वेदाच्या 10व्या मंडलातले ओषधिसूक्त म्हणत. खणणाऱ्याला इजा न होवो, ज्याच्यासाठी खणतो त्यालाही न होवो, असे त्यात मागणे आहे. त्या वेलीचे कुशल मात्र आपल्यासमोर मागितले ते आजीनेच.

ती आप्पांच्या ओसरीवर न चढता पायरीशी बसायची, त्यावरून आपले कडाक्याचे भांडण झाले होते. विद्या आप्पांची, आजी फक्त मुळे ओळखून देते, असे मी म्हणालो होतो. तू चरकसंहितेचे सूत्रस्थान उघडून पहिल्याच अध्यायातला श्लोक माझ्यापुढे धरलास: वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी. तीन आठवडे तू माझ्याशी बोलला नाहीस. पुढे जळवा धरताना तू ओढ्यात बसकण मारलीस आणि विजारीला सात जळवा घेऊन उठलास, तेव्हा हसता हसता अबोला संपला; पण चूक माझी होती, हे कबूल करायचे राहून गेले. आज करतो.

त्या व्यापाऱ्याचा माल बंद केला आहे. रोग्यांना कारण सांगितले; काही रागावले. 2002च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी समिती असते आणि तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत गावच्या वनस्पती व त्यांविषयीचे ज्ञान लिहून ठेवतात. सप्तरंगीची ही रीत आजीच्या नावाने तिथे लिहवून घ्यायची आहे, आणि आप्पांच्या तसबिरीशेजारीही तिचे नाव लावायचे आहे.

तुझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मिळाली होती, येणे झाले नाही. दोघांना माझे आशीर्वाद. नवे घर लाभो.

लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आले की तिचे नावच मला ठाऊक नाही. आयुष्यभर आपण तिला आजीच म्हणालो. कातकरवाडीत जाऊन आलो, तर तिचा नातू घरच्यांसह वीटभट्टीवर गेला आहे आणि उरलेली मुलेही तिला आजीच म्हणतात. तू तिला डोळे दाखवायला रत्नागिरीला नेले होतेस. केसपेपरवर तूच तिचे नाव सांगितले असशील. आठवून लगेच कळव.

तुझा,
आप्पांचा धाकटा