झार गेला आणि लेनिन आला, त्यामधले आठ महिनेही शिकवू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. रशियन राज्यक्रांतीवर प्रश्न विचारला की उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास सापडते : ‘लेनिनने झारची सत्ता उलथवली.’ झार, म्हणजे रशियाचा सम्राट, पायउतार झाला तेव्हा बोल्शेविक या क्रांतिकारी पक्षाचा नेता लेनिन स्वित्झर्लंडमधल्या झुरिचमध्ये होता. ही चूक मुलांची नाही. आपण दोन क्रांत्या एका परिच्छेदात उरकतो, म्हणून ती होते.

झारला कोणी घालवले? ८ मार्च १९१७ ला राजधानी पेट्रोग्राडच्या (आजचे सेंट पीटर्सबर्ग) वायबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांमधल्या बायका काम टाकून रस्त्यावर उतरल्या. महायुद्धाचे तिसरे वर्ष चालू होते, पावासाठी कडाक्याच्या थंडीत रांगा लागत होत्या. त्यांना संपाचा आदेश कोणत्याही पक्षाने दिला नव्हता. वायबोर्गमधले बोल्शेविक कार्यकर्ते तर आदल्या दिवशी ‘इतक्यात नको’ म्हणत होते. ११ मार्चला व्होलिन्स्की पलटणीने जमावावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पलटणीतल्या शिपायांनी बंड केले, आणि राजधानीतले सैन्य भराभर फुटत गेले. १५ मार्चला प्स्कोव्ह येथे, रेल्वेच्या डब्यात, झार दुसऱ्या निकोलसने भावाच्या नावे गादी सोडली. भाऊ मिखाईलने ती दुसऱ्याच दिवशी नाकारली. १६१३ पासून राज्य करणारे रोमानोव्ह घराणे जेमतेम आठवड्यात संपले.

पुढचे आठ महिने रशियात लोक मोकळेपणाने बोलत, छापत, सभा घेत होते. झारच्या जागी आलेल्या हंगामी सरकारने राजकीय कैदी सोडले, स्त्रियांना मताचा हक्क दिला. पण युद्ध थांबवले नाही, आणि जमिनीचा प्रश्न पुढे निवडून येणाऱ्या संविधान सभेवर ढकलला. शेतकरी-शिपायाला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी नेमक्या अडल्या. एप्रिलमध्ये परतलेल्या लेनिनने त्याच उचलून धरल्या. उन्हाळ्यातली हंगामी सरकारचा युद्धमंत्री केरेन्स्की याची लष्करी चढाई कोसळली, सेनापती कोर्निलोव्ह राजधानीवर चालून आला, त्याला अडवण्यासाठी कामगारांच्या हाती बंदुका गेल्या. ७ नोव्हेंबरला बोल्शेविकांनी सत्ता घेतली. (रशियाचे जुने पंचांग १३ दिवस मागे, म्हणून ती ‘ऑक्टोबर’ क्रांती.) जमिनीचा आणि शांततेचा हुकूम त्यांनी लगेच काढला. लोकांनी त्यांना का साथ दिली हे मुलांना यातून कळते, आणि ते कळायलाच हवे.

पण त्यानंतरची गोष्ट माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने कधी ऐकलेली नसते. त्याच नोव्हेंबरात संविधान सभेच्या निवडणुका झाल्या. चार कोटींहून अधिक लोकांनी मते दिली. बोल्शेविकांना साधारण चौथा हिस्सा मिळाला; शेतकऱ्यांमध्ये मुळे असलेला समाजवादी क्रांतिकारक पक्ष पुढे राहिला. १८ जानेवारी १९१८ ला सभा तावरीद राजवाड्यात भरली. तिच्या पाठिंब्यासाठी निघालेल्या मोर्चावर त्याच दिवशी गोळीबार झाला. पहाटे झेलेझ्न्याकोव्ह नावाच्या खलाशाने अध्यक्ष चेर्नोव्ह यांना पहारेकरी थकले असल्याचे सांगून सभा उठवायला लावली. ती पुन्हा भरू दिली गेली नाही. चेका ही गुप्त पोलीस यंत्रणा डिसेंबरातच उभी राहिली होती. एकपक्षीय राजवट इथे सुरू होते, आणि याच पायरीवर आपला धडा गप्प असतो.

हा विषय आपल्याला परका नाही. १९०८ साली टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, त्याची दखल लेनिनने त्याच वर्षी आपल्या लेखात घेतली होती. गिरणगावच्या मुलांना वायबोर्गच्या गिरण्या चटकन समजतात.

माझी मागणी मोठी नाही. मार्च आणि नोव्हेंबर हे दोन वेगळे पाठ करा. राजत्यागाचे पत्र, पेट्रोग्राड सोव्हिएतचा (कामगार-शिपायांच्या प्रतिनिधी मंडळाचा) पहिला हुकूम, लेनिनने परतल्यावर मांडलेले एप्रिल प्रबंध, जमिनीचा हुकूम आणि संविधान सभा बरखास्तीचा हुकूम, हे पाच कागद सोप्या मराठीत करून शिक्षक हस्तपुस्तिकेत द्या. मूळ कागद समोर असले की मला माझे मत मुलांवर लादावे लागत नाही. ती आपसांत भांडतात आणि स्वतः ठरवतात. मराठी माध्यमाच्या मुलांना हे इंटरनेटवर इंग्रजीतच शोधावे लागते, आणि बहुतेक जण शोधत नाहीत. अनुवाद तपासायला रशियन जाणणारी माणसे आपल्या विद्यापीठांत आहेत. येत्या शैक्षणिक वर्षाआधी हे काम कोणाकडे सोपवणार, एवढे आपण जाहीर करावे.

आपला नम्र,
एक इतिहास शिक्षक