तीन वर्षांचे रविवार

ती. बाबा, ती. आई,
साष्टांग नमस्कार.

आधी सांगून टाकते. नोकरीचा राजीनामा दिलाय. जुलैअखेर पीएचडीसाठी चेन्नईला जातेय, नंबर थिअरीत, म्हणजे पूर्णांकांच्या गणितात. फेलोशिप आहे, हॉस्टेलला खोली आहे, फ्लॅटचा शेवटचा हप्ता मार्चमध्येच गेला. आई, मेसमध्ये दहीभात रोज असतो. पोळीची आठवण आलीच तर लाटून घेईन, तू शिकवलंयस.

आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा ‘जा’ म्हणाले असते, तू गप्प बसली असतीस, आणि ते बघून माझा पाय निघाला नसता.

बाबा, सातवीच्या सुट्टीत कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तुम्ही गुणाकार दिला होतात: ७६१८३८२५७२८७ गुणिले १९३७०७७२१. पाचवी ओळ शून्यांची म्हणून मी खूश होते. साताच्या तीन ओळी सारख्याच, एकदा करून दोनदा उतरवल्या. त्यातली एक ओळ एक घर चुकून बसली. अंकांची बेरीज करून पडताळायचा नवाचा ताळा जुळला, तरी उत्तर चूक! ओळ सरकली म्हणून अंकांची बेरीज बदलत नाही, ताळ्याला ती चूक दिसतच नाही, हे तुम्ही तेव्हा दाखवलंत. संध्याकाळी एकवीस अंकी उत्तर आलं: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दोनाचा सदुसष्टावा घात, वजा एक.

मग अमेरिकन गणितज्ञ कोलची गोष्ट. फ्रेंच गणितज्ञ मर्सेननं १६४४ मध्ये ही संख्या मूळ संख्यांच्या यादीत घातली. १८७६ मध्ये ल्यूकास या फ्रेंच गणितज्ञानं ती मूळ संख्या नाही हे सिद्ध केलं, पण अवयव कुणाला सापडेनात. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत कोल फळ्यापाशी गेले, एक शब्द न बोलता एकीकडे घात काढून एक वजा केला, दुसरीकडे हा गुणाकार केला. उत्तरं जुळली, ते जागेवर येऊन बसले, टाळ्या पडल्या. तिथवर आलात की तुम्हीही बोलायचं थांबायचात. किती वेळ लागला विचारल्यावर ‘तीन वर्षांचे रविवार’ म्हणाले, असं सांगतात.

माझे रविवार तुमचे होते. पुण्याहून यायचं, आईच्या हातची आमटी, संध्याकाळच्या एसटीपर्यंत बाबांचा हात धरून चालणं. तेच आता तुटतंय, आणि तेच मला सलतंय. पण चौतिसाव्या वर्षीही ते पाठकोरं पान माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, त्याला मी काय करू?

आता ऐका. गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे भरून ठेवलेत. न्हाणीघरात पकडायला दांडा बसवायला माणूस शनिवारी येईल, त्याला परत पाठवू नका. रात्री उठताना दिवा लावायचा. चक्करेचं आईनं मला सांगितलं म्हणून तिच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं. फोनवर तुमचं ‘बरं आहे’ येतं, बाबा, आणि ताळा जुळतो. म्हणूनच मला भीती वाटते.

दर रविवारी दहाला फोन करेन. ‘बरं आहे’ चालणार नाही. बीपीचे दोन्ही आकडे वहीत बघून सांगायचे, आई शेजारी बसलेली असताना.

तुमचीच,
चिऊ