माणूस एजन्सीचा, पेशंट कुणाचा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ८२ वर्षांच्या आईला खुब्याच्या ऑपरेशनसाठी एका खासगी रुग्णालयात ठेवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दोन्ही मनगटांवर काळेनिळे वळ दिसले. रात्री सारखे बेडपॅन मागते म्हणून वॉर्डबॉयने तिचे हात बँडेजच्या पट्टीने कॉटच्या कठड्याला बांधून ठेवले होते. मी तक्रार घेऊन गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने आधी चहा मागवला, मग म्हणाला, “काका, तो आमच्या रोलवर नाही हो, एजन्सीचा आहे. आजपासून त्याला बंद केलाय.” एजन्सीला फोन केला, तर “हॉस्पिटलशी बोला”.

बिलात नर्सिंग चार्जेस रोजचे वेगळे लावलेले होते. एजन्सीचे नाव त्यात शोधून सापडले नाही.

वकील असलेल्या मित्राने दोन निकाल वाचायला दिले. दिल्लीच्या एका हृदयरोग संस्थेच्या प्रकरणात उपचार करणाऱ्या डॉक्टरांना पक्षकार केले नाही म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने विधवेची तक्रार फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो निर्णय रद्द केला. डॉक्टर पगारी असो वा करारावरचा, रुग्णालयाला हात झटकता येणार नाहीत आणि हलगर्जीपणा झाला नाही हे त्यानेच दाखवायचे, असे न्यायालय म्हणाले. मग वॉर्डबॉयला वेगळा न्याय का?

दुसरा निकाल आपल्याकडचा. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणीवर नसबंदीची शस्त्रक्रिया करताना पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. खालच्या कोर्टाने दिलेली ३६ हजारांची भरपाई उच्च न्यायालयाने काढून घेतली. शासन जबाबदार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले ते १९९६ मध्ये. म्हणजे ३३ वर्षे! पोरक्या झालेल्या बाळाची तोवर तिशी उलटली असेल.

हे दोन्ही खटले हलगर्जीपणाचे होते. आईच्या बाबतीत माणसाने जाणूनबुजून हात बांधले, आणि वकील नेमका तिथेच मुद्दा काढतात: नेमून दिलेले काम सोडून कुणी गैरकृत्य केले, तर मालक काय करणार? मला हे पटत नाही. रात्री म्हाताऱ्या माणसाला उठवणे, बसवणे, आवरणे हेच तर त्याला नेमून दिलेले काम होते. नातेवाइकांना आठ वाजता बाहेर काढून आईला त्याच्या हवाली रुग्णालयानेच केले होते.

ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. आम्ही जाणार आहोत. पण जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात त्या रुग्णालयांतल्या गरिबांना सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालामुळे तीही वाट नाही, त्यांनी दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या.

राज्याच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक आहे. ठेक्यावरच्या प्रत्येक माणसाच्या वागण्याची जबाबदारी रुग्णालयाची राहील आणि असा प्रकार घडला तर त्याची नोंद त्याच दिवशी केसपेपरवर होईल, एवढ्या दोन ओळी सरकारने त्यात घालाव्यात. आईच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिले आहे, ‘प्रकृती स्थिर. तक्रार नाही.’

– एक वाचक, ठाणे
(नाव न छापण्याची विनंती)